पाटीवर काय लिहायचं?

ह्या व्हिडिओत वकीलबाईंचं नाव येणार नाही, आधीच सांगून ठेवतो. त्यांनीच नको म्हटलं, लाजून बिजून नाही हं, बार काउन्सिलचा, म्हणजे वकिलांवर नियंत्रण ठेवणाऱ्या संस्थेचा, नियम ३६ आहे, वकिलाने जाहिरात करायची नाही. पाटीसुद्धा बेताच्या आकाराची, आणि अमुक कामात स्पेशलिस्ट असं तिच्यावर लिहायला बंदी. २००८ पासून वेबसाइट चालते, पण तिथेही नाव, पत्ता, फोन, शिक्षण, कामाचं क्षेत्र, साधारण एवढंच. मग नवीन फर्म काढली तर क्लायंट येणार कुठून?

बाई मूळच्या गोव्यातल्या डिचोलीच्या. मिरामारच्या साळगावकर लॉ कॉलेजातून पास झाल्या, पणजीत एका सिनियरकडे लागल्या, सुरुवातीची वर्षं तारखा घेण्यात आणि झेरॉक्सच्या रांगेत गेली, ते सगळ्यांचंच असतं. खरं काम शिकल्या त्या गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद पडल्यावर. २०१२ मध्ये एकदा बंद, मग २०१८ च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टाने ८८ खाण-लीजची (खाणपट्ट्यांची) रिन्युअल्स रद्द केली आणि १६ मार्चपासून परत सगळं ठप्प. ट्रक दारात उभे, बार्ज नदीत उभ्या, बँकेचे हप्ते मात्र चालू, आणि मग जो तो थकबाकीसाठी दुसऱ्याच्या मागे, कंत्राटदार कंपनीच्या, पंपवाला कंत्राटदाराच्या, गॅरेजवाला ट्रकमालकाच्या.

त्याच वर्षी कमर्शियल कोर्टात, म्हणजे धंद्यातल्या वादांच्या कोर्टात, जायला लागणारी दाव्याची किमान रक्कम १ कोटीवरून ३ लाखांवर आली. बाजारात ह्याची चर्चा कुणी केली असेल असं मला वाटत नाही. पण आधी मोठ्या कंपन्यांचं असलेलं हे कोर्ट आता हार्डवेअरवाल्याचं पण झालं, आणि तिथे समन्स मिळाल्यापासून १२० दिवसांत प्रतिवादीने कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, नाही दिली तर संपलं, कोर्टालासुद्धा मुदत वाढवता येत नाही. पुढच्या तारखेला बघू म्हणणाऱ्यांची पंचाईतच.

अशी लहान मॅटर्स मोठ्या चेंबरमध्ये मागे पडतात, म्हणून मग एका मैत्रिणीला घेऊन स्वतःची फर्म. हायकोर्ट २०२१ मध्ये पर्वरीला गेलं तरी ऑफिस म्हापशात, भाडं परवडलं म्हणून. पहिला कागद केला तो स्वतःच्या पार्टनरशिपचा, तोही रजिस्टर करून, कारण रजिस्टर नसलेली फर्म कराराच्या पैशांसाठी बाहेरच्यावर दावा लावू शकत नाही हे क्लायंटना सांगून सांगून तोंड दुखलेलं.

आम्ही कॅमेरा लावला तेव्हा एका कंत्राटदाराकडची थकबाकी वसूल करायला आलेल्या दुकानदाराची प्लास्टिकची पिशवी टेबलावर होती. आत बिलं, डिलिव्हरी चलनं, काहींवर सही, काहींवर नुसता सिमेंटचा अंगठा. बाकी सगळं व्हॉट्सॲपवर आहे, दुकानदार म्हणाला. बाईंनी फोन हातात घेतला आणि बजावलं, ह्यातला एक मेसेज डिलीट करायचा नाही, फोन बदलायचा नाही. नव्या साक्ष कायद्यात अशा इलेक्ट्रॉनिक पुराव्याला कलम ६३ चं सर्टिफिकेट लागतं, हॅश व्हॅल्यूसकट (फाईलमध्ये फेरफार झाला नाही हे तपासायचा कोड), स्क्रीनशॉटची प्रिंट मारून भागत नाही.

ते मॅटर कोर्टापर्यंत गेलंच नाही. तातडीचा मनाई हुकूम वगैरे नको असेल तर दाव्याआधी मिडिएशन, म्हणजे मध्यस्थासमोर तडजोडीचा प्रयत्न, सक्तीचं आहे, २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने तसं पक्कं केलंय, आणि तिथेच हप्त्यांवर मिटलं. म्हणजे निकाल नाही, पेपरात नाव नाही, मिडिएशनमधलं बोलणं बाहेर सांगायचं नाही.

पण मिडिएशनमध्ये विरुद्ध बाजूला बसलेल्या त्या कंत्राटदाराने सगळं बघितलं होतं ना. काही महिन्यांनी तो स्वतःचं वेगळंच मॅटर घेऊन ह्याच जिन्यावर उभा. बाईंनी आधी जुनी फाईल काढून ह्याचं काम आपल्याला घेता येतं का ते तपासलं, मग घेतलं, आणि फी आगाऊ मागितली.