‘काय नाय झालं’वर विश्वास ठेवू नका

नमस्कार मंडळी. आज गाडीचा रिव्ह्यू नाही आणि ड्रोनचे शॉटही नाहीत. आज पडण्याबद्दल बोलायचंय. मोठ्या अपघाताबद्दल नाही. वीस-तीसच्या स्पीडला बाइक सटकते, गुडघा सोलतो, आरसा फुटतो, त्याबद्दल. आणि तेही पहिल्यांदाच पडलेल्या माणसाबद्दल.

असा माणूस उठतो आणि सगळ्यात आधी म्हणतो, ‘काय नाय झालं, चला.’ ग्लोव्हज फाटलाय, हात थरथरतोय, पण चला. मुद्दाम खोटं बोलत नाही तो. अंगात ॲड्रेनलीन उसळलेलं असतं, त्यामुळे थोडा वेळ दुखणं नीट कळतच नाही. त्यात लाज. मागून येणाऱ्या चार मित्रांनी बघितलेलं असतं, वर रस्त्याकडेच्या टपरीवरचे लोकही उठून बघत असतात. म्हणून माझं म्हणणं असं, की पुढचा अर्धा तास निर्णय त्याच्या हातात ठेवायचा नाही. थांबायचं किती, दवाखाना गाठायचा की नाही, गाडी कोण चालवणार, हे सोबतच्या रायडर्सनी ठरवायचं.

सगळ्यात आधी रस्ता. कोकणातली वळणं आंधळी असतात. एका बाजूला जांभ्याची दरड, दुसरीकडे झाडी, आणि पलीकडून एसटी येत असते. सगळे जण पडलेल्याभोवती गोळा झाले की दुसरा अपघात तिथेच होतो. एकानं मागे, वळणाच्याही अलीकडे जाऊन उभं राहायचं, हात दाखवायचा, मोबाइलचा टॉर्च लावायचा. गाड्या रस्त्याच्या कडेला, इंडिकेटर चालू. पडलेल्या गाडीचं इंजिन हँडलवरच्या किल स्विचनं बंद करायचं आणि पेट्रोल गळतंय का बघायचं. तिथे कुणी सिगरेट पेटवली तर त्याला ग्रुपमधून काढलं तरी माझी हरकत नाही.

आता माणूस. तो स्वतःहून उठून चालत असेल तर सावलीत बसवा. उठला नसेल, मान दुखतेय म्हणत असेल, हातापायाला मुंग्या येत असतील, तर ओढून बसवू नका. बेशुद्ध असेल तर हेल्मेट काढायची घाई नको, श्वास अडकत असेल तर गोष्ट वेगळी. तिथून थेट १०८ ला फोन. १०८ ही रुग्णवाहिका, ११२ वर पोलीससुद्धा, आणि राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३. किनाऱ्याच्या रस्त्यावर रेंज दगा देते, म्हणून एकाला उंचावर पाठवायचं किंवा जवळच्या घरात.

घरावरून आठवलं. आमच्यातला एक पोरगा आचऱ्याजवळ वाळूवर सटकला. आम्ही बाइकवाले हेल्मेट, ॲक्शन कॅमेरा असलं काहीबाही बघत होतो, आणि समोरच्या घरातून एक आजी तांब्या घेऊन आल्या. ‘खंय लागलां रे? आधी बस बघया.’ त्यानं तेच सांगितलं, ‘काय नाय झालं आजी.’ आजींनी ऐकूनच घेतलं नाही. पाणी पाजलं, बूट काढायला लावले. पायाच्या घोट्यावर सूज होती, त्याला पत्ताच नव्हता. मग आमच्यातल्या एका जुन्या रायडरनं त्याचा हात घेतला. अंगठा ताणून वर केला की त्याच्या मुळाशी मनगटाच्या कडेला एक खळगी पडते, तिथे दाबलं. पोरगा कळवळला.

ही खळगी लक्षात ठेवा. पडताना माणूस तळहात टेकतो, आणि त्या झटक्यानं मनगटातलं स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड मोडू शकतं. बाहेरून फारसं दिसत नाही, मूठ वळते, आणि पहिल्या एक्स-रेमध्येही ते कधी कधी सापडत नाही. म्हणून तिथे दुखत असेल तर एक्स-रे साफ आला तरी डॉक्टर हात आधार देऊन बांधून ठेवतात आणि दहा-चौदा दिवसांनी पुन्हा बघतात. ‘मुरगळलंय, मलम लाव’ म्हणून क्लच दाबत शंभर किलोमीटर गेलात तर ते हाड जुळायला फार त्रास देतं.

डोक्याचं वेगळं. हेल्मेट आपटलं असेल तर विचारा: कुठून निघालो, जेवलो कुठे, आज वार कुठला? तोच तोच प्रश्न तो पुन्हा विचारत असेल, उलटी झाली, झापड येत असेल, डोकं वाढत्या वेगानं दुखत असेल, तर गाव छोटं असो की मोठं, वाट बघायची नाही. चिपळूण, रत्नागिरी, डेरवण, जे जवळ असेल तिकडे. आणि ते हेल्मेट पुन्हा वापरायचं नाही. आतला थर्माकोलसारखा थर एकदा दबला की दबला, दुसऱ्या वेळी तो झटका झेलत नाही. वरून चरा नाही म्हणून हेल्मेट चांगलं, असं नसतं.

खरचटलं असेल तर स्वच्छ पाणी, भरपूर. लाल माती आणि बारीक खडी धुऊन काढायची. हळद, टूथपेस्ट, चहापावडर, पेट्रोल, यातलं काहीही नको. मग प्राथमिक आरोग्य केंद्रात ड्रेसिंग आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनची चौकशी. मातीत घासलेल्या जखमेसाठी शेवटचं इंजेक्शन पाच वर्षांपेक्षा जुनं असेल तर ते घ्यायला सांगतात.

(इथे आरे-वारेच्या रस्त्याचे शॉट, वळणावरची वाळू जवळून.)

आता जरा आपल्या रस्त्यांविषयी, कारण इथलं पडणं देशावरच्या पडण्यापेक्षा वेगळं आहे. चिरेखाणीतून निघालेले ट्रक वळणावर लाल भुकटी सांडत जातात. उन्हाळ्यात ती बॉलबेअरिंगसारखी, आणि पहिल्या पावसात दरडीवरून आलेल्या मातीबरोबर तिचा साबण होतो. आरे-वारे, गुहागरसारख्या ठिकाणी वारा वाळू रस्त्यावर आणून टाकतो. बंदराजवळ, हर्णै म्हणा, मिरकरवाडा म्हणा, मासळीच्या गाड्यांतून पाणी ठिबकत असतं. पावसाळ्यात गुरं कोरडी जागा म्हणून डांबरावरच बसतात, काळी गाय रात्री दिसतच नाही. या सगळ्यावर पुढचा ब्रेक करकचून दाबला की पुढचं चाक लॉक होतं आणि गाडी कळायच्या आत आडवी. एबीएस, म्हणजे चाक लॉक होऊ न देणारा ब्रेक, असला तरी भुकटीला पकड कुठून आणणार? वळणाआधीच स्पीड उतरवायचा, वळणात ब्रेकला हात नाही, नजर वळणाच्या बाहेर जाणाऱ्या टोकाकडे. गायीकडे बघत राहिलात तर गायीवरच जाल.

आणि फेरीबोट! दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ, वेश्वी-बागमांडला. माणसं दोनदा फसतात. एकदा बोट चुकेल म्हणून उतारावर घाई करताना, आणि दुसऱ्यांदा जेटीच्या शेवाळलेल्या उतारावर किंवा बोटीच्या ओल्या लोखंडी फळीवर. तिथे पहिला गिअर, दोन्ही पाय सैल, वळायचं नाही, ब्रेक हळुवार. नवख्या रायडरच्या मागे लगेच दुसरी गाडी चढवू नका.

गाडी उचलायची गंमत अशी की चार जण चार दिशांना ओढतात. उजव्या बाजूवर पडली असेल तर आधी साइड स्टँड बाहेर काढून ठेवा, गिअरमध्ये ठेवा म्हणजे घरंगळणार नाही, मग पाठ सीटला लावून पायांच्या जोरावर उचला. लगेच स्टार्ट करू नका, कार्ब्युरेटरवाली जुनी गाडी असेल तर मुळीच नाही. ब्रेक आणि क्लचची लिव्हर, गिअर लिव्हर आत वळलाय का, थ्रॉटल सोडल्यावर परत येतो का, इंजिनखाली तेल, चाक फिरवून डिस्क घासते का, एवढं बघा. हँडल वाकडं आणि चाक सरळ वाटतंय? बहुतेक वेळा फोर्क, म्हणजे पुढच्या चाकाचे दोन दांडे, क्लॅम्पमध्ये फिरलेले असतात. पुढचं चाक गुडघ्यात धरून हँडलला झटका दिला की जागेवर येतं, पण ते गॅरेजपर्यंत पोचण्यापुरतं. नीट व्हायचं तर नट ढिले करूनच. शंका असेल तर छोटा हत्ती बोलवा. त्या टेम्पोचं भाडं परवडतं.

समोर दुसरं वाहन किंवा पादचारी असेल तर मी जरा कडक बोलतो. आठ-दहा जॅकेटवाल्यांनी एका रिक्षावाल्याला घेरायचं नाही. त्याला लागलं असेल तर मोटार वाहन कायदा, कलम १३४ प्रमाणे त्याला दवाखान्यात पोचवणं आणि चोवीस तासांत पोलिसांना कळवणं ही चालकाची जबाबदारी आहे. गाड्या हलवण्याआधी फोटो काढा, नंबरप्लेट, रस्ता, खुणा. आवाज चढवून पैसे ठरवायची घाई नको.

वाटेत अनोळखी कुणी पडलेला दिसला तर ‘पोलीस केस होईल’ म्हणून पुढे जाऊ नका. २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १३४अ आलं, चांगल्या मनानं मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. नाव-पत्ता द्यायची सक्तीही कुणी करू शकत नाही. शिवाय मे २०२५ पासून मोटार वाहनाच्या अपघातातल्या जखमीला ठरावीक रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत, दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचारांची केंद्राची योजना आहे. दवाखान्यात विचारा.

विमा थोडक्यात. फुटलेल्या आरशासाठी क्लेम करायच्या आधी हिशेब करा. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, पहिल्या वर्षाला वीस टक्के, पुढे वाढत पन्नासपर्यंत जातो, आणि एका क्लेमनं शून्यावर येतो.

राहिला तो पोरगा. दुसऱ्या कुणी त्याची गाडी चालवली, तो पाठीमागे बसला. नंतर जेव्हा हातात गाडी घेईल तेव्हा त्याला लीडरच्या लगेच मागे ठेवा. सगळ्यात शेवटी टाकलं की तो बाकीच्यांना गाठायला ताण घेतो. पडल्याचा व्हिडिओ त्याला न विचारता ग्रुपवर टाकू नका. चेष्टा रात्री सुरमई खाताना करा, तीही त्यानं सुरू केली तर. ‘स्पीड किती होता?’ हा प्रश्न तर मीच बंद केलाय, त्यानं काही शिकायला मिळत नाही, माणूस फक्त बचाव करायला लागतो. आणि घरी फोन त्यालाच करू द्या. आधी आपल्या कुणाकडून कळलं की आईला काही तरी लपवतायत असंच वाटतं. त्यानंच सांगावं, व्हिडिओ कॉलवर, दोन्ही हात दाखवून.