एका किचनचे पैसे दोनदा

(मंडळाच्या शनिवारच्या सभेत केलेलं भाषण, थोडं आवरून)

मंडळी, सुरुवातीला एक विचारते. सध्या किती जणांकडे किचन नाहीतर बाथरूमचं काम निघालंय? हात वर करा. अकरा. छान, बाकीच्यांचं दिवाळीनंतर. हे अकराजण आज माझे खास पाहुणे, त्यांनी जरा पुढे येऊन बसा.

विषय आहे मेकॅनिक्स लीन. यातला मेकॅनिक गॅरेजवाला नाही. जुन्या इंग्रजीत हाताने काम करणाऱ्या कुठल्याही कारागिराला मेकॅनिक म्हणत, म्हणजे सुतार, गवंडी, लोहार. आणि लीन म्हणजे काय, हे गावाकडचा सातबारा पाहिलेल्यांना वेगळं सांगायला नको. ‘इतर हक्क’मध्ये सोसायटीच्या कर्जाचा बोजा चढवलेला असतो ना, तसाच बोजा. फरक एवढाच की ते कर्ज आपण सही करून घेतलेलं असतं. इथे ज्याचं तोंडही आपण पाहिलेलं नाही, असा माणूस आपल्या घरावर बोजा चढवू शकतो.

आमचंच सांगते. २०२० च्या शरद ऋतूत आम्ही फ्रीमॉंटच्या घराचं किचन काढलं. करार ६२,००० डॉलरचा, कॉन्ट्रॅक्टर लायसन्सवाला. आगाऊ त्याने फक्त १,००० घेतले. कॅलिफोर्नियात घरदुरुस्तीच्या करारात आगाऊ रकमेला मर्यादा आहे, १,००० डॉलर किंवा कराराच्या १० टक्के, यांतलं जे कमी असेल ते. माणूस नियमाने चाललाय, म्हणून आम्ही निर्धास्त होतो.

तिसऱ्या आठवड्यात सर्टिफाइड टपालाने पाकीट आलं. सासूबाईंनी दारात सही करून घेतलं. “अगं, सरकारी दिसतंय, नीट ठेव,” म्हणाल्या. आत होती प्रिलिमिनरी नोटीस, म्हणजे पुढे लीनचा हक्क राहावा म्हणून आधी द्यायची सूचना, कॅबिनेट पुरवणाऱ्या दुकानाची. तिच्यात मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं की तुम्ही कॉन्ट्रॅक्टरला पूर्ण पैसे दिलेले असले, तरी आम्हाला आमचे पैसे मिळाले नाहीत तर तुमच्या मालमत्तेवर लीन लागू शकतो. मी ते दोनदा वाचलं आणि कॉन्ट्रॅक्टरला फोन लावला. तो म्हणाला, “हे सगळेच पाठवतात, काळजी करू नका.”

आणि ते खोटं नव्हतं, मंडळी! सगळे पाठवतातच. माल पुरवायला लागल्यापासून २० दिवसांत ही नोटीस दिली नाही, तर नोटीस देण्याआधीच्या २० दिवसांपलीकडच्या मालावरचा हक्क जातो. म्हणून काम सुरळीत चाललेल्या घरीही हेच पाकीट येतं आणि बुडणाऱ्या घरीही हेच. दोन्हींतला मजकूर अक्षर न् अक्षर सारखा. मग घरातल्या माणसाने धोका ओळखायचा कशावरून? पाकीट देवघराखालच्या खणात गेलं, मंडळाच्या पावत्यांबरोबर.

काम झालं, आणि सुंदर झालं. मेपलची कॅबिनेट्स. ड्रॉवर ढकलला की शेवटच्या दोन इंचांत आपोआप हळू होतो, आवाज न करता मिटतो. सासूबाई येता जाता उघडझाप करून बघायच्या. आम्ही शेवटचा चेक दिला. सहा आठवड्यांनी पत्र आलं की दुकानाने काउंटीच्या रेकॉर्डरकडे, म्हणजे जमिनीच्या नोंदी ठेवणाऱ्या कचेरीत, १४,३०० डॉलरचा लीन नोंदवलाय. आमच्या चेकमधून कॉन्ट्रॅक्टरने दुसऱ्या कामाची देणी भागवली होती आणि तो दिवाळखोरीत गेला होता.

त्याच महिन्यात आमचं रीफायनान्स, म्हणजे जुनं गृहकर्ज फेडून कमी व्याजाचं नवं घेणं, चाललेलं. व्याजदर तळाला गेलेले, दर लॉक केलेला. घराच्या मालकीचे कागद तपासणाऱ्या टायटल कंपनीने सांगितलं, आधी हा लीन काढा. वकील म्हणाले, लीन नोंदवल्यापासून ९० दिवसांत दावा लावला नाही तर तो उडतो, थांबून बघा. पण आमचा दर लॉक होता ३० दिवसांपुरताच. शेवटी दुकानाच्या मालकाला भेटलो. बापलेकांचं छोटं दुकान. त्याने माल पोचल्याची चिठ्ठी पुढे ठेवली, खाली माझ्याच नवऱ्याची सही. म्हणाला, “मलाही त्याने बुडवलंय.” ते खरंच होतं, त्या माणसावर मला रागावता येईना. ११,००० वर तोड झाली. एकाच ड्रॉवरचे पैसे आम्ही दोनदा मोजले.

आता या कायद्यामागचा न्यायही सांगायला हवा, कारण न्याय आहे. आपला भारतातला १८७२ चा करार कायदा घ्या. त्याच्या १७० व्या कलमात दोन उदाहरणं आहेत. जवाहिऱ्याला हिरा पैलू पाडायला दिला, शिंप्याला कापड कोट शिवायला दिलं. जवाहिऱ्याला मजुरी मिळेपर्यंत हिरा अडवून ठेवता येतो; शिंप्याने तीन महिन्यांची उधारी कबूल केलेली, म्हणून त्याला कोट अडवता येत नाही. पण गवंड्याने काय करायचं? भिंत काखोटीला मारून नेता येत नाही. ती बांधून झाली की मालकाच्या जमिनीची झाली. म्हणून १७९१ मध्ये, वॉशिंग्टन शहर उभं करायचं होतं आणि हातात पैसा नव्हता, तेव्हा जेफरसन आणि मॅडिसन यांच्या पाठिंब्याने मेरीलँडच्या विधिमंडळाने कारागिराला इमारतीवरच हक्क दिला. कारागीर उधारीवर कामाला यावेत, एवढ्यासाठी. कॅलिफोर्नियाने तर १८७९ मध्ये हा हक्क राज्यघटनेतच घातला.

...दहा मिनिटं राहिली, अशी खूण होतेय. खरं तर सुधारणांवरच बोलायचं कबूल केलं होतं. भराभर सांगते.

माझं म्हणणं एवढंच आहे: स्वतःच्या राहत्या घराच्या मालकाने कराराप्रमाणे प्रामाणिकपणे पूर्ण पैसे दिले, की मालवाल्याचा आणि सबकॉन्ट्रॅक्टरचा, म्हणजे कॉन्ट्रॅक्टरने ज्याला काम वाटून दिलं त्याचा, लीन संपला पाहिजे. उधारी कोणी दिली? दुकानाने. कॉन्ट्रॅक्टरची पत तपासणं हा त्यांच्या रोजच्या धंद्याचा भाग आहे, मला त्याची वही दिसतसुद्धा नाही. मजुराचा हक्क मात्र मी काढायला सांगत नाही. दिवसाच्या मजुरीवर ड्रायवॉल लावणारा कुणाची पत तपासणार? आजही त्याला प्रिलिमिनरी नोटीस द्यावी लागत नाही, म्हणजे कायदा हा फरक जाणतो.

हे नवं काही नाही. खुद्द मेरीलँडमध्ये आज राहत्या घरासाठी सबकॉन्ट्रॅक्टरचा लीन मालकाकडे उरलेल्या बाकीपुरताच असतो. न्यू जर्सीतही मालकाने दिलेले पैसे हिशेबात धरतात. पेनसिल्व्हेनियाने २०१४ मध्ये पूर्ण पैसे दिलेल्या मालकाला सोडवलं. यूटाने १९९४ मध्ये निधी काढला, सबकॉन्ट्रॅक्टरने बुडालेले पैसे तिथे मागायचे. मिशिगननेही काढला होता, पण पैसे पुरेनात, २०१० मध्ये बंद झाला. म्हणून माझा भर निधीपेक्षा बाँडवर, म्हणजे हमीपत्रावर आहे. आपल्या कॅलिफोर्नियात लायसन्सचा बाँड २५,००० डॉलरचा, तोही त्या कॉन्ट्रॅक्टरच्या सगळ्या तक्रारदारांत वाटायचा. प्रत्येक मोठ्या करारामागे वेगळा पेमेंट बाँड हवा, म्हणजे मालवाल्यांचे आणि सबकॉन्ट्रॅक्टरचे पैसे मिळतील याची हमी. हक्क घटनेतला आहे, तो सरसकट पुसता येणार नाही, त्यामुळे हाच रस्ता सोपा. राज्याच्या कायदा सुधारणा आयोगाने घरदुरुस्तीतल्या या दुहेरी भरण्यावर २००१ मध्येच अहवाल दिला होता. २०१२ मध्ये लीनची सगळी कलमं नव्याने मांडली, पण हे दुखणं होतं तसंच राहिलं. आमदारांना पत्र लिहायचं असेल तर मसुदा मी दाराशी ठेवलाय.

वेळ संपली. पुढे बसलेल्या अकरा जणांनी मात्र तोवर एवढं करा. आलेली प्रत्येक नोटीस एका फायलीत लावा. पुढचा हप्ता द्यायच्या आधी, नोटीस पाठवलेल्या प्रत्येकाकडून सही केलेला लीन वेव्हर, म्हणजे लीनचा हक्क सोडल्याचा कागद, मागा. रक्कम मोठी असेल तर चेकवर कॉन्ट्रॅक्टर आणि दुकान, दोघांची नावं घाला. आणि कॉन्ट्रॅक्टर ‘रूटीन आहे’ म्हणाला, तर ‘मग वेव्हरही रूटीनच असेल, आणा’ म्हणा. खणातली पाकिटं वाचायला जमत नसतील तर चहाच्या वेळी मला दाखवा, मी शेवटपर्यंत थांबणार आहे.