समुद्रात सांडणारी ऊब

थंडीच्या रात्री बोट चालू असते, सुकाणूवरच्या माणसाची बोटे गारठलेली असतात, आणि त्याच वेळी बोटीच्या मागच्या बाजूने इंजिनाचे गरम पाणी समुद्रात पडत असते. डिझेल इंजिनात जळणाऱ्या इंधनापैकी साधारण एक तृतीयांश ऊर्जाच प्रोपेलर फिरवण्याच्या कामी येते. उरलेली बहुतेक सगळी धूर आणि पाणी यांच्यावाटे बाहेर जाते. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे १० युनिट (किलोवॅट-तास) ऊर्जा असते, त्यामुळे ताशी २ लिटर डिझेल जाळणारे छोटे इंजिन नुसत्या पाण्यातच ६ ते ७ किलोवॅट उष्णता सोडते. लहान केबिनला २ ते ३ किलोवॅट पुरतात.

ही उष्णता धुरातून घेण्याचा मोह होतो, कारण धूर पाण्याहून कितीतरी जास्त तापलेला असतो. पण त्या मार्गाला कुठे चीर गेली तर कार्बन मोनॉक्साइड झोपलेल्या माणसांपर्यंत पोचतो, म्हणून त्या वाटेला न गेलेलेच बरे. पुष्कळशा इंजिनांत पाण्याचे दोन फेरे असतात. आतल्या फेऱ्यात अँटिफ्रीझ मिसळलेले गोडे पाणी सुमारे ८० अंश सेल्सिअसवर फिरते आणि हीट एक्स्चेंजरमध्ये आपली उष्णता समुद्राच्या पाण्याला देते. केबिनसाठी हेच गोडे पाणी वळवायचे असते. जी इंजिने थेट खाऱ्या पाण्याने थंड होतात, ती क्षारांची पुटे चढू नयेत म्हणून बरीच कमी तापू दिली जातात, त्यामुळे त्यांच्याकडून मिळणारी ऊबही बेताचीच असते.

जोडणी मोटारीतल्या हीटरसारखीच आहे. थर्मोस्टॅटच्या, म्हणजे पाणी तापल्यावर उघडणाऱ्या झडपेच्या, अलीकडून एक रबरी नळी निघते, केबिनमधल्या छोट्या रेडिएटरमधून जाते आणि इंजिनाच्या पंपाच्या ओढीच्या बाजूला परत येते. रेडिएटरमागचा पंखा केबिनमधलीच हवा त्यातून फिरवतो. अडचण उंचीची असते. मोटारीत हीटर आणि इंजिन जवळपास एका पातळीवर असतात, बोटीत मात्र इंजिन तळाशी आणि हीटर त्याच्या वर असतो, त्यामुळे नळीच्या सर्वांत उंच जागी हवा अडकते, प्रवाह थांबतो आणि पंखा गार वारा फेकत राहतो. अशा वेळी माणसे पंप बदलतात, पंखा बदलतात, आणि हवा होती तिथेच असते. त्यावर उपाय म्हणजे दाबाचे झाकण असलेली वेगळी टाकी संपूर्ण फेऱ्याच्या वर बसवणे. नळ्यांना इंजिनाजवळच दोन व्हॉल्व्ह हवेत, कारण केबिनमधली नळी फुटली तर पाणी बोटीच्या तळाशी जाईल आणि इंजिन भर प्रवासात तापेल.

नांगर टाकला की ही ऊब बंद होते, आणि केवळ उबेसाठी इंजिन रिकामे फिरवत ठेवणे त्याच्या प्रकृतीला मानवत नाही. म्हणून याच फेऱ्यावर गरम पाण्याची आच्छादित टाकी जोडतात. टाकीतले ४० लिटर पाणी ८० वरून ४० अंशांवर येताना सुमारे १.९ युनिट उष्णता देते. इंजिन वगळून, छोट्या विजेच्या पंपाने ती हीटरकडे नेली, तर अर्ध्या किलोवॅटची ऊब पावणेचार तास टिकू शकते. सकाळी भांडी घासायला मग कोमट पाण्यावर भागवावे लागते.