आठशे घोडे आणि पहिले साठ फूट

ड्रॅग रेसची गाडी, म्हणजे उभ्यानं सुटून सरळ पाव मैल पळणारी, कशी जमवतो ते सांगतो. सुरुवात एका हिशेबानं करतो. ८०० हॉर्सपॉवरचं टर्बो इंजिन पूर्ण जोरावर असताना सेकंदाला साधारण ६०० ग्रॅम हवा ओढतं. ग्रॅममध्ये ऐकलं की किरकोळ वाटतं, पण ती हवा मोजली तर जवळजवळ ५०० लिटर भरते. एका सेकंदात. तुम्ही आत्ता खुर्चीत बसून मिनिटाला सहा-सात लिटर घेताय.

इंजिन म्हणजे मुळात हवेचा पंप. पेट्रोल हवं तेवढं ओतता येतं. मोठा पंप, पेट्रोल फवारणारे मोठे इंजेक्टर बसवले की झालं. हवा कोंबायची कशी, हा खरा प्रश्न. हवा दाबून आत ढकलणाऱ्या टर्बोनं १ बारचा बूस्ट, म्हणजे जादा दाब, दिला की सिलिंडरच्या तोंडाशी वातावरणाच्या दुप्पट दाब होतो, म्हणून वाटतं की ताकदही दुप्पट. तशी होत नाही. दाबलेली हवा तापते, तापलेली हवा विरळ होते. म्हणून मध्ये ती हवा थंड करणारा इंटरकूलर लागतो. तो लहान पडला की बूस्ट कितीही वाढवा, तुम्ही फक्त उष्णता आत ढकलत असता.

ही उष्णता कुठे कुठे लपून बसते, हे मी एक इंजिन फोडून शिकलो. माझं पहिलं टर्बो इंजिन. फोर्ज्ड पिस्टन घातले, चांगले रॉड घातले, हेडला बोल्टऐवजी स्टड लावले. पिस्टनच्या रिंगांची फट मात्र साध्या इंजिनासारखीच ठेवली. १०० मिमीच्या आसपासचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, असेल तर साध्या इंजिनात ही फट साधारण ०.४ मिमी असते. बूस्टवर चालणाऱ्याला ०.६ च्या आसपास हवी. दोन दशांश मिलिमीटरचा फरक. जोरावर रिंग तापली, लांबली, तिची दोन टोकं एकमेकांना भिडली. आणखी लांबायला जागाच उरली नाही, तेव्हा ती सिलिंडरच्या भिंतीत रुतली आणि जाताना पिस्टनचा काठ तोडून गेली. चूक सर्वस्वी माझी. ज्या कामाला कानस आणि फट मोजायची पट्टी, म्हणजे फीलर गेज, पुरतं, ते मी केलं नव्हतं. तेव्हापासून रिंगेची फट मी स्वतः मोजतो. दुसऱ्यानं मोजली असली तरी पुन्हा मोजतो.

आता ट्यूनिंग. लोकांना वाटतं, लॅपटॉप लावला, चार कळा दाबल्या, शंभर घोडे वाढले. पेट्रोल पूर्ण जळायला एका भागाला १४.७ भाग हवा लागते, हे पुस्तकी गणित. बूस्टवर आपण त्याहून बरंच जास्त पेट्रोल देतो, एका भागाला साडेअकरा भाग हवेच्या आसपास जातो. त्यामुळे ज्वलन थोडं थंड राहतं आणि नॉकिंगला अटकाव होतो. नॉकिंग म्हणजे ठिणगीनं पेटवलेली ज्योत पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं मिश्रण एकदम भडकणं. कमी जोरात ते कानाला खणखणतं. ८०० घोड्यांवर मात्र ते ऐकू येईपर्यंत उशीर झालेला असतो.

इग्निशन टायमिंगचंही, म्हणजे ठिणगी कधी पाडायची त्याचंही, तसंच. प्रत्येक इंजिनाचा एक बिंदू असतो, जिथे टायमिंग पुढे नेल्यानं ताकद वाढायची थांबते. अडचण अशी की बूस्टवर साध्या पेट्रोलनं त्या बिंदूपर्यंत पोचताच येत नाही. नॉकिंग आधीच दारात उभं असतं. म्हणून मंडळी ई८५ नावाच्या इंधनाकडे वळतात. त्यात बहुतांश इथेनॉल. ते बाष्प होताना पुष्कळ उष्णता ओढून घेतं, नॉकिंग लांब ढकलतं. किंमत काय मोजावी लागते? पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश जास्त इंधन. पेट्रोलवर हे इंजिन पूर्ण जोरात मिनिटाला सव्वाचार लिटरच्या घरात पितं. ई८५ वर साडेपाचच्या पुढे. पंप, पाइप, इंजेक्टर, सगळं त्या मापानं. इंजेक्टर जर ८५ टक्क्यांहून जास्त वेळ उघडे राहत असतील, तर ते बदलेपर्यंत मी बूस्टला हात लावत नाही. यावर माझी बऱ्याच जणांशी भांडणं झाली आहेत.

समजा, ८०० घोडे झाले. गाडी १४५० किलोची. पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, किती वेळात? वजन भागिले ताकद, त्याचं घनमूळ, असं हे नातं आहे. या गाडीचा हिशेब सव्वानऊ सेकंदांच्या आसपास येतो. ४०० घोड्यांवर तीच गाडी साडेअकराच्या थोडी वर. घनमुळाचा अर्थ नीट लक्षात घ्या: ताकद दुप्पट केली तरी वेळ फक्त पाचव्या हिश्श्यानं कमी झाला! आणि तोही सगळी ताकद रस्त्याला लागली तर.

ती लागत नाही. शर्यत संपताना गाडीचा जो वेग नोंदला जातो, तो इंजिनाबद्दल सांगतो. वेळ मात्र सुटण्याबद्दल सांगते. वेग २३५ किलोमीटर आणि वेळ साडेदहा सेकंद, असा कागद हातात आला की मी बॉनेट उघडतच नाही. मागच्या टायरपाशी जाऊन बसतो.

पहिले ६० फूट, म्हणजे १८ मीटर. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीनं ते दीड सेकंदात काढले तर मी पाठ थोपटतो. तिथे वाचवलेला सेकंदाचा दशांश पुढे वाढत जातो, शेवटी दीड-दोन दशांश होऊन मिळतो. गाडी सुटते तेव्हा वजन मागे सरकतं. गुरुत्वकेंद्र अर्धा मीटर उंच आणि दोन अॅक्सलमधलं अंतर २.७ मीटर धरलं, तर गुरुत्वाकर्षणाइतक्या प्रवेगाला सुमारे २७० किलो पुढून उचलून मागच्या चाकांवर पडतात. हे फुकटचं वजन आहे, घ्यायला शिका. पुढची सस्पेन्शन सहज वर उचलली गेली पाहिजे. मागच्या टायरमधली हवा कमी, म्हणजे त्याचा पट्टा रस्त्यावर पसरतो. आधी चाकं जागेवर फिरवून धूर काढतात तो बर्नआउट दिखाव्यासाठी नसतो, रबर गरम आणि स्वच्छ करण्यासाठी असतो. फार लांबवला की मात्र टायर तेलकट होतो.

एक जाता जाता सांगतो. हिरवा दिवा लागल्यावर तुम्ही झोपलात तरी गाडीची वेळ बिघडत नाही; घड्याळ गाडी हलल्यावर सुरू होतं. शर्यत मात्र हरता.

आणि हे सगळं स्ट्रिपवरच, म्हणजे शर्यतीसाठी राखलेल्या सरळ पट्ट्यावरच. तिथे मागे फायर ब्रिगेड असते, पुढे थांबायला मोकळी जागा असते, वेळ जसजशी कमी होते तसतसे गाडी उलटली तर चालकाला वाचवणारे पोलादी सांगाडे, रोल बार, रोल केज सक्तीचे होतात. अमेरिकेतल्या एनएचआरएनं, म्हणजे १९५१ पासून चालत आलेल्या संघटनेनं, २००८ साली सगळ्यात वेगवान वर्गांची शर्यत पाव मैलावरून १००० फुटांवर आणली. एका चालकाचा जीव गेल्यानंतर.

याच गाडीनं रोज बाजारात जायचं असेल, तर सगळी सोंगं उलटी होतात. थंड हवेत दहा सेकंद पळताना रेडिएटरची आठवणही येत नाही. सिग्नलला वीस मिनिटं उभं राहिलात की तोच मालक. मऊ ड्रॅग रेडियल, म्हणजे शर्यतीचे टायर, पावसात घसरतात. मोठा टर्बो खालच्या आरपीएमला निजलेला असतो. म्हणून मी ईसीयूत, म्हणजे इंजिनाच्या संगणकात, दोन मॅप (मांडण्या) ठेवतो आणि टर्बो एक माप लहानच निवडतो. कागदावर पन्नास-साठ घोडे जातात. जाऊ द्यात.

शेवटी आमच्याकडे आलेल्या एका गाडीचा, पडद्यावरचा आलेख बघा. निळी रेघ पुढच्या चाकांचा वेग, लाल मागच्या, म्हणजे इंजिन जी फिरवतं त्यांचा. इथे, सुटल्यावर अर्ध्या सेकंदात, लाल रेघ एकदम वर उडाली: चाकांनी पकड सोडली. ट्यूनर त्या क्षणी खूश असतो, इंजिन काय जोरात आहे! आम्ही पहिल्या गिअरमध्ये बूस्ट ०.२ बारनं खाली आणला, बाकी काही बदललं नाही. हा दुसरा आलेख, पुढच्याच फेरीचा. दोन्ही रेघा हातात हात घालून चालल्यात. वेळ तीन दशांशांनी कमी, शेवटचा वेग जिथल्या तिथे. गाडीच्या मालकानं मला विचारलं, "म्हणजे घोडे कमी करून गाडी पळवलीत?" मी त्याला पहिल्या १८ मीटरांचा आकडा दाखवला आणि टायरमधली हवा मोजायला गेलो.