रेकॉर्डिंगच्या कॉम्प्युटरला डिस्क कोणती? आधी हा हिशोब बघा

नमस्कार मंडळी. घरी रेकॉर्डिंग करणारा कुणी भेटला की पहिला प्रश्न ठरलेला: दादा, एसएसडी कोणती घेऊ, हजार एमबी स्पीडची की दोन हजारची? थोडी आकडेमोड करू, निम्मा प्रश्न इथेच मिटेल.

रेकॉर्डिंगचं सेटिंग धरू 24 बिट, 48 किलोहर्ट्झ. सेकंदाला 48,000 सॅम्पल, म्हणजे आवाजाची तेवढी मोजमापं, प्रत्येकाला 3 बाइट. म्हणजे एका मोनो ट्रॅकला सेकंदाला 1,44,000 बाइट, तासाला साधारण अर्धा जीबी. आता समजा अभंग रेकॉर्ड करताय. गायक, पेटी, तबल्याला दोन माइक, पखवाज, टाळ, कोरसला दोन. झाले आठ ट्रॅक. आठही एकदम चालू ठेवले तरी सेकंदाला सव्वा एमबी भरत नाही.

(जुनी पोर्टेबल डिस्क कॅमेऱ्यासमोर धरून)

आणि ही जुनी, फिरणारी हार्ड डिस्क सेकंदाला शंभरेक एमबी लिहिते. 96 किलोहर्ट्झला आकडा दुप्पट होईल, तरी हिला घाम फुटणार नाही. हां, हिचा घूं आवाज माइकमध्ये येऊ शकतो, तेवढं बघा.

मग वेगवान डिस्क लागते कुठे? सॅम्पल लायब्ररीला, म्हणजे खऱ्या वाद्यांच्या रेकॉर्ड केलेल्या सुरांच्या संग्रहाला. तो वाजवणारं कॉन्टॅक्टसारखं सॉफ्टवेअर, म्हणजे सॅम्पलर, प्रत्येक सुराची सुरुवात तेवढी रॅममध्ये ठेवतो, पुढचं वाजता वाजता डिस्कवरून ओढतो. स्ट्रिंग्जचा एक मोठा कॉर्ड दाबलात की शेकडो छोट्या फाइल एकदम मागितल्या जातात. फिरत्या डिस्कला तिथे धावपळ करावी लागते, एका वाढप्याने अख्खी पंगत सांभाळावी तशी. मग खटखट क्लिक ऐकू येतात. लायब्ररी वापरत असाल तर ती एसएसडीवरच ठेवा. पण साधी सेकंदाला पाचशे एमबीवाली पुरते. वरचे पैसे वाचवा, ते कुठे घालायचे ते सांगतो.

त्याआधी केबल. टाइप-सी हा नुसता आकार आहे, वेग नव्हे. मोबाइलच्या चार्जरबरोबर येणारी सी केबल पुष्कळदा आतून यूएसबी 2 असते. तिच्यावरून 200 जीबीची लायब्ररी कॉपी करायला दीड तास लागतो, बरोबर केबलने आठ-दहा मिनिटं. डिस्कबरोबर आलेली केबल डिस्कलाच गुंडाळून ठेवा, घरातल्यांना चार्जिंगला देऊ नका. आणि ऑडिओ इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडणारा डबा) आणि डिस्क एकाच स्वस्त हबमध्ये खुपसू नका. माइकला वीज देणारी फँटम पॉवर चालू, त्यात डिस्क फिरायला लागली, की हबची वीज कमी पडते आणि नेमका चांगला टेक चालू असताना डिस्क गायब होते.

फॉरमॅट, म्हणजे डिस्कवर फाइल मांडायची पद्धत, थोडक्यात. फक्त विंडोज असेल तर एनटीएफएस. मॅक ती वाचतो, पण तिच्यावर लिहीत नाही. फक्त मॅक आणि एसएसडी असेल तर एपीएफएस. दोन्हीकडे न्यायची असेल तर एक्सफॅट, पण तिच्यावर रोजचं काम करू नका. लिहिताना केबल निघाली किंवा वीज गेली तर एक्सफॅटला सावरायची फारशी सोय नसते. आणि गुरुवारी वीज कशी जाते हे पुणेकराला मी काय सांगणार! एक गंमत बघा: लोक सीपीयू आणि मॉनिटर यूपीएसवर लावतात, आणि मोठ्या डिस्कचा ॲडॉप्टर बाजूच्या साध्या एक्स्टेन्शन बोर्डात. तो आधी यूपीएसवर घ्या.

पुण्याच्या तापकीर गल्लीतल्या दुकानात घ्या नाहीतर ऑनलाइन, पण दोन हजारांत 16 टीबीची एसएसडी दिसली की पुढे चला. आत छोटं मेमरी कार्ड असतं आणि कॉम्प्युटरला खोटा आकडा दाखवलेला असतो. कॉपी होताना सगळं छान दिसतं, फाइल उघडायला गेलं की रिकामी. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू, मॅकवर एफथ्री, अशी फुकटची सॉफ्टवेअर डिस्क पूर्ण भरून तपासतात. नवी डिस्क आली की रात्रभर तेच चालवा.

आता वाचवलेले पैसे. त्याची दुसरी डिस्क घ्या. जमलं तर तिसरीही. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी मांडलेला 3-2-1 चा नियम हाच: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर. घराबाहेर कशाला? 25 जुलै 2024 ला खडकवासला धरणातून पाणी सोडलं, तेव्हा सिंहगड रोडला एकतानगरीत तळमजल्यावर पाणी शिरलं. तिथे कॉम्प्युटर आणि बॅकअपची डिस्क एकाच टेबलावर असतील तर दोन्ही गेल्या. म्हणून एक डिस्क मावशीकडे. मावशी नदीकाठी राहत नसली म्हणजे झालं. महिन्या-दोन महिन्यांनी जाल तेव्हा नवी द्या, जुनी आणा. चहा होतोच.

या बॅकअपच्या डिस्क फिरत्याच घ्या, स्वस्त पडतात. शिवाय एसएसडी वर्षानुवर्षं विजेशिवाय कपाटात पडली तर तिच्यातला चार्ज उतरू शकतो. आणि बॅकअप झाला की डिस्क काढून ठेवा. क्रॅक केलेल्या, म्हणजे चोरीच्या प्लगइनबरोबर (प्लगइन म्हणजे रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायचे वाद्यांचे, इफेक्टचे छोटे प्रोग्रॅम) रॅन्समवेअर येऊ शकतो, आणि तो जोडलेल्या सगळ्या डिस्क कुलूपबंद करून सोडवायला पैसे मागतो. क्रॅक वापरू नका हे तर आहेच, पण मी कुणाच्या घरी तपासायला येत नाही.

गूगल ड्राइव्हचं काय? फुकटचे 15 जीबी, तेही जीमेल आणि फोटोंसकट. आपले आठ ट्रॅक ते चार तासांच्या आत संपवतील. शिवाय सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. इथे चुकून टेक उडवलात की तिथूनही उडतो, आणि ट्रॅशमध्ये 30 दिवसच राहतो. तयार मिक्स ठेवायला मात्र उत्तम.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो पुढेच. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधली प्रोजेक्टची फाइल कॉपी केली म्हणजे गाणं कॉपी झालं असं नाही. त्या फाइलमध्ये आवाज नसतोच, कुठला ऑडिओ कुठे पडलाय त्याचा पत्ता असतो. तानपुऱ्याचा लूप डाउनलोड्समधून ओढून टाकला असेल तर तो तिथेच राहतो. म्हणून तुमचं सॉफ्टवेअर रीपर असेल तर 'सेव्ह ॲज' करताना 'कॉपी ऑल मीडिया इंटू प्रोजेक्ट डिरेक्टरी'वर टिक करा. एबलटनमध्ये 'कलेक्ट ऑल अँड सेव्ह', क्यूबेसमध्ये 'बॅकअप प्रोजेक्ट'.

मग ती डिस्क घेऊन मित्राकडे जा आणि त्याच्या कॉम्प्युटरवर गाणं उघडा. काय काय 'मिसिंग' दाखवतंय ते लगेच कळेल. ऑडिओ हरवला असेल तर घरी येऊन पुन्हा गोळा करा. प्लगइन हरवले असतील तर प्रत्येक ट्रॅक वेव्ह फाइल म्हणून काढा, सगळे शून्यापासून सुरू होणारे, एकदा इफेक्टसकट, एकदा कोरे. सोबत एक साधी टेक्स्ट फाइल: पट्टी काळी दोन, टेम्पो 84, सॅम्पल रेट 48. तीन वर्षांनी बासरीवाल्याला पुन्हा बोलावलंत तर कुठली बासरी आण हे फोनवरच सांगता येतं.