मागच्या एक्सलवर पडणारा पीळ

[दृश्य : नागपूर, अमरावती मार्गावरील वाडी. ट्रकदुरुस्तीचे गॅरेज. टेबलावर तुटलेला एक्सल शाफ्ट.]

राष्ट्रीय महामार्ग ४४ आणि ५३ नागपुरात एकमेकांना छेदतात, त्यामुळे वाडीच्या गॅरेजांना तुटलेले एक्सल, म्हणजे चाके फिरवणारे पोलादी दांडे, नवे नाहीत. या शाफ्टच्या तुटलेल्या तोंडावर तिरका प्रकाश पाडला, की एका कडेपासून आत सरकत गेलेल्या कमानदार रेषा दिसतात आणि उरलेला भाग दाणेदार, खरखरीत दिसतो. कडेला आधी एक बारीक तडा गेला, चढउताराच्या आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर तो हळूहळू पुढे सरकला आणि शिल्लक धातूला भार पेलवेनासा झाला तेव्हा शाफ्ट तुटला. अभियंते याला थकव्याने तुटणे म्हणतात.

ड्रॅग रेसिंगच्या गाडीत हाच भाग फार वेगळ्या परिस्थितीत काम करतो. पाव मैलाची, म्हणजे ४०२ मीटरची सरळ धाव आणि सुरुवात उभ्या गाडीतून. वेग सर्वांत जास्त असतो तो शेवटी, पण एक्सलची खरी परीक्षा पहिल्या एक-दोन मीटरमध्येच होऊन जाते.

एक हिशेब करून पाहू. इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ५०० न्यूटन-मीटर, पहिल्या गिअरचे प्रमाण २.५ आणि क्राउन-पिनियनचे, म्हणजे एक्सलमधल्या दातेरी चाकांच्या जोडीचे, ४.१ धरले, तर मागच्या दोन्ही चाकांपर्यंत मिळून ५,००० न्यूटन-मीटरहून अधिक टॉर्क पोहोचतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल, तर इंजिन आणि गिअरबॉक्सला तेलाच्या माध्यमातून जोडणारा टॉर्क कन्व्हर्टर गाडी सुटण्याच्या क्षणी त्यात आणखी भर घालतो. मात्र इंजिन कितीही ताकदवान असले, तरी टायर जमिनीला जेवढा धरून राहील तेवढाच पीळ एक्सलवर पडतो. टायर घसरला, की भार तिथेच उतरतो. दीड टन वजनाच्या गाडीला रस्त्यावरचे साधे टायर असतील, तर ही मर्यादा दोन्ही चाकांची मिळून साधारण २,५०० न्यूटन-मीटरच्या आसपास येते. त्याच गाडीला रुंद, मऊ, कमी हवेचे स्लिक, म्हणजे बिननक्षीचे, टायर लावले, धावपट्टी चिकट केली आणि सुटताना जवळजवळ सगळे वजन मागच्या चाकांवर आले, तर ती ७,५०० पर्यंत जाते. इंजिनाला हात न लावताही एक्सलवर पडू शकणाऱ्या भाराची मर्यादा अशी तिप्पट होते. त्यामुळे जो तरुण आधी टायर बदलतो आणि एक्सलचा विचार पुढच्या वर्षावर टाकतो, त्याने कामाचा क्रम उलटा लावला आहे, असे स्पष्टपणे म्हटले पाहिजे.

[दृश्य : महाविद्यालयाची प्रयोगशाळा. पीळ देऊन तोडलेल्या दोन सळया शेजारी शेजारी.]

नागपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत पदार्थबलाच्या तासाला विद्यार्थी पिळाची चाचणी करतात. मऊ पोलादाची सळई अनेक वेढे पिळली जाते आणि शेवटी आडवी, सपाट तुटते. ठिसूळ बिडाची सळई फारशी वळत नाही आणि अंदाजे ४५ अंशांच्या तिरक्या, मळसूत्री रेषेत तुटते. हातात खडू धरून पिळला तरी तो असाच तिरका तुटतो. तुटलेला एक्सल हातात आला, की जाणकार मिस्त्री आधी त्याचे तोंड पाहतो, त्याचे हेच कारण आहे.

पीळ पेलण्याची ताकद शाफ्टच्या व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते. टोकाला ३१ स्प्लाइन, म्हणजे गिअरमध्ये अडकणारे उभे दाते, असलेला शाफ्ट तिथे सुमारे ३३.५ मिलिमीटर जाड असतो आणि ३५ स्प्लाइनचा ३८.१ मिलिमीटर. जाडी साडेचार मिलिमीटरच वाढली, तरी ताकद जवळजवळ दीडपट होते. ताण बाहेरच्या पृष्ठभागावर सर्वाधिक आणि मध्यावर शून्य असतो. म्हणून शाफ्टला व्यासाच्या निम्म्या मापाचे आरपार भोक पाडले, तर वजन २५ टक्क्यांनी घटते आणि ताकद मात्र सहा टक्क्यांच्या आसपासच कमी होते. स्पर्धेच्या गाड्यांत पोकळ एक्सल दिसतात ते या गणितामुळे.

ताकद आणि टिकाऊपणा हे दोन वेगळे गुण आहेत आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते. रोजच्या गाडीचा शाफ्ट साधारणपणे वरून कडक आणि आतून चिवट ठेवलेला असतो. कडक केलेल्या थरात दाबाचा ताण शिल्लक राहतो, तो तड्याला सहज उघडू देत नाही, आणि म्हणून असा शाफ्ट लाखो फेरे टिकतो. ४३४० किंवा ३००एम यांसारख्या मिश्र पोलादाचा, आरपार कडक केलेला शाफ्ट एका झटक्यात त्याहून बराच जास्त पीळ सहन करतो, परंतु पृष्ठभागावरचा बारीकसा ओरखडाही त्याला घातक ठरू शकतो. सर्वांत महाग शाफ्ट रोज खड्ड्यांतून धावणाऱ्या गाडीसाठी सर्वांत चांगला असतोच असे नाही.

वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या डिफरन्शिअलच्या जागी स्पूल, म्हणजे दोन्ही शाफ्ट घट्ट जोडणारा भाग, बसवला, की दोन्ही चाके एकजीव होतात आणि सुटताना गाडी सरळ राहते. साध्या डिफरन्शिअलमध्ये टॉर्क दोन्ही बाजूंना जवळपास समान वाटला जातो. स्पूलमध्ये मात्र एका चाकाची पकड सुटली, तर सगळा टॉर्क दुसऱ्या बाजूच्या एकाच शाफ्टवर येऊ शकतो. स्पूल लावलेली गाडी रस्त्यावर वळवली, तरी दोन्ही शाफ्ट प्रत्येक वळणावर एकमेकांना पिळत राहतात.

शाफ्ट ज्या हाउसिंगमध्ये, म्हणजे बाहेरच्या कवचात, बसतो, ते वाकले तर बेअरिंग आणि क्राउन-पिनियनही गेलेच. म्हणून हाउसिंगला मागून पट्टीचा आधार वेल्ड करतात. फोर्डने १९५७ च्या मॉडेलांपासून वापरलेला नऊ इंची एक्सल आजही ड्रॅग रेसिंगमध्ये आदर्श मानला जातो, कारण त्याच्या पिनियनला आतल्या टोकालाही स्वतंत्र बेअरिंगचा आधार आहे आणि सगळा गिअरसंच पुढून एका तुकड्यात काढता येतो.

[दृश्य : शाफ्टवर पांढऱ्या रंगाची सरळ रेषा. कॅमेरा स्प्लाइनपर्यंत सरकतो.]

तपासणीची एक साधी पद्धत आहे. नव्या शाफ्टवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रंगाची सरळ रेषा ओढून ठेवायची. धाव संपल्यावर शाफ्ट बाहेर काढला आणि रेषा सरळच असली, तर धातू पिळला जाऊन पूर्ववत झाला आहे. रेषा किंवा स्प्लाइनचे दाते किंचित जरी तिरके झालेले दिसले, तरी तो शाफ्ट कायमचा पिळला गेला आहे आणि तो पुन्हा बसवू नये. डोळ्यांना न दिसणारे तडे शोधण्यासाठी चुंबकीय कणांची चाचणी करावी लागते.

ट्रकच्या फुल-फ्लोटिंग एक्सलमध्ये गाडीचे वजन हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, पेलतो, त्यामुळे शाफ्ट तुटला तरी चाक जागेवर राहते. बहुतेक मोटारींच्या सेमी-फ्लोटिंग रचनेत शाफ्टला पीळ आणि वजन दोन्ही सोसावे लागते, आणि जिथे शाफ्ट केवळ आतल्या सी-क्लिपने अडकवलेला असतो, तिथे तो तुटताच चाकासकट बाहेर निघू शकतो. म्हणूनच ड्रॅग रेसिंगचे नियम ठरवणारी अमेरिकेतील एनएचआरए ही संस्था पाव मैल १०.९९ सेकंदांत किंवा त्याहून लवकर कापणाऱ्या गाड्यांना खास बनावटीचे एक्सल आणि चाक रोखून धरणारी वेगळी जोडणी सक्तीची करते. या जोडणीत बेअरिंग हाउसिंगच्या टोकाशी बोल्टने आवळलेले असते. शाफ्ट आतल्या स्प्लाइनपाशी तुटला, तरी बाहेरचा तुकडा आणि चाक गाडीलाच धरून राहते आणि चालकाला गाडी थांबवण्याइतका अवधी मिळतो.