आत काय जातं, बाहेर काय येतं

(सांगलीतल्या एका वाचनालयात ज्येष्ठ नागरिक आणि गृहिणींसाठी घेतलेल्या संगणक-परिचय वर्गातलं पहिलं व्याख्यान; थोडं संपादित करून.)

नमस्कार मंडळी. पुढच्या रांगेत वह्या उघडलेल्या दिसतायत. लिहून घ्या, पण ‘इनपुट म्हणजे कीबोर्ड, माउस, स्कॅनर, आउटपुट म्हणजे मॉनिटर, प्रिंटर, स्पीकर’ अशी यादी मी देणार नाही. ती तुमच्या नातवंडांनी एमएस-सीआयटीला पाठ केली आणि परीक्षा झाल्यावर विसरली. यंत्र कुठलंही असो, एवढंच बघा: माहिती यंत्रात चाललीय की यंत्रातून आपल्याकडे येतेय? आत चालली तर इनपुट, बाहेर आली तर आउटपुट.

रेशन दुकानातलं मशीन घ्या. तुम्ही बोट टेकवता ते इनपुट. मग आतून आवाज येतो, पावती सरकते, ते आउटपुट. हाताएवढ्या डब्यात दोन्ही आली. आता काही जणींची तक्रार मला ठाऊक आहे, ‘माझा अंगठाच घेत नाही.’ मावशी, जन्मभर हळद काढणं, द्राक्षबागेतली कामं, भांडी-धुणं झालं की बोटावरच्या रेषा झिजतात. मशीन त्या रेषा कुठे फुटतात, कुठे संपतात ते आधी नोंदवलेल्या ठशाशी ताडून बघतं. रेषाच पुसट असल्या तर ताडणार काय? तुमचं काही चुकलेलं नसतं. दुसरं बोट लावून बघा. डोळा स्कॅन करण्याची किंवा मोबाइलवर ओटीपी मागवण्याची सोयही असते, तीही विचारा. संकोच करू नका.

आता कीबोर्ड. सगळ्यांना वाटतं, आपण ‘स’ दाबला की कीबोर्ड संगणकाला ‘स’ पाठवतो. तसं होत नाही. कीबोर्ड फक्त कळवतो की अमुक कळ दाबली आणि अमुक कळ सोडली. तिचं अक्षर कुठलं करायचं ते आतला प्रोग्रॅम ठरवतो. इकडे पडद्यावर बघा. मी मराठी इनस्क्रिप्ट, म्हणजे कुठल्या कळेवर कुठलं मराठी अक्षर याचा आराखडा, लावलंय आणि कळा दाबतोय एम, ई, एक्स, आय, एन, आर. काय उमटलं? ‘सांगली’. स, काना, अनुस्वार, ग, ल, दीर्घ वेलांटी. अक्षरं तीन, कळा सहा. आता भाषा बदलून इंग्रजी करतो आणि त्याच सहा कळा त्याच क्रमानं दाबतो. बघा, काहीतरी ‘मेक्सिनर’ झालं! कळा त्याच, बोटं तीच.

हा इनस्क्रिप्ट आराखडा भारत सरकारनं १९८६ साली प्रमाण ठरवला. मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. क आणि ख एकाच कळेवर, शिफ्ट धरला की ख. ज्यांनी जुन्या मशीनवर मराठी टायपिंग केलंय त्यांना ऱ्हस्व वेलांटी छळेल. तिथं ती आधी मारावी लागायची, कारण कागदावर ती आधी दिसते. इथं ‘मिरज’ लिहिताना आधी म, मग वेलांटी. उच्चारतो त्या क्रमानं. माझ्या मते नव्यानं शिकणाऱ्यानं थेट हेच शिकावं. इंग्रजी स्पेलिंग टाकून मराठी काढायची सवय लागली की ती सुटत नाही.

माउसवर फार वेळ घालवत नाही. तो उलटा केला की खाली लाल दिवा दिसतो, शेजारी चिमुकला कॅमेरा असतो. टेबलाच्या पृष्ठभागाचे सेकंदाला हजाराहून जास्त फोटो काढून तो आपण किती सरकलो ते काढतो. म्हणून काचेच्या टेबलावर तो अडखळतो. खाली वर्तमानपत्र घाला. १९६८ साली डग्लस एंगेलबार्ट यांनी सॅन फ्रान्सिस्कोत तो पहिल्यांदा लोकांसमोर चालवून दाखवला, तेव्हा कॅमेरा नव्हता, पोटाखाली चाकं होती.

माइकचं मात्र सावकाश सांगतो, कारण तंतुवाद्यांचं मिरज शेजारी आहे. तिथल्या कारागिरानं जवारी लावलेला, म्हणजे घोडी घासून तारांना गुंजणारा नाद आणलेला, तंबोरा माइकसमोर वाजला की हवा थरथरते, माइकमधला पातळ पडदा थरथरतो आणि तारेतून तशीच कमी-जास्त होणारी वीज निघते. संगणकाला वीज अशी कळत नाही, त्याला आकडे लागतात. म्हणून ती वीज वारंवार मोजतात. सीडीसाठी सेकंदाला ४४,१०० वेळा. तंबोऱ्याचा एका सेकंदाचा झंकार म्हणजे एवढ्या आकड्यांची रांग! ऐकताना हीच वाट उलटी: आकड्यांची वीज, विजेनं हलणारा पडदा, आणि हवा. ही जुन्या धाटणीच्या माइकची गोष्ट. त्याच्यात आणि साध्या स्पीकरमध्ये घडण इतकी सारखी की स्पीकरसमोर बोललं तर तोही थोडासा माइकचं काम करतो.

पडद्याचा एक प्रयोग घरी करा. मोबाइलवर पांढरं पान उघडा आणि काचेवर बोटानं पाण्याचा अगदी बारीक थेंब ठेवा. थेंब भिंगाचं काम करतो आणि पांढऱ्याच्या जागी लाल, हिरवे, निळे ठिपके दिसतात. या टेबलावरच्या मॉनिटरवर आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके आहेत, म्हणजे वीस लाखांहून जास्त, आणि प्रत्येकात ते तीन रंग. मोबाइलचा पडदा तर दाखवतो आणि बोटही ओळखतो, तेव्हा तो दोन्हीकडचा. बोटातून वीज वाहू शकते म्हणून तो ओळखतो. नखानं टिचक्या मारून उपयोग नाही.

राहिला प्रिंटर. मार्केट यार्डातल्या काही पेढ्यांवर अजून कर्रकर्र करणारा डॉट मॅट्रिक्स दिसतो. त्याला हसू नका. त्याच्या सुया कागदावर ठोका मारतात, म्हणून खाली कार्बन घातला की एका फटक्यात दोन-तीन प्रती निघतात. लेझर किंवा शाईच्या प्रिंटरला ते जमत नाही, त्यांचा ठोकाच नसतो. आणि एटीएमची पावती? तिथं शाईच नाही. कागदावर उष्णतेनं काळं पडणारं लेपन असतं, म्हणून ती उन्हात किंवा पाकिटात राहिली की कोरी होत जाते. जपून ठेवायची असेल तर लगेच झेरॉक्स काढा किंवा फोटो घ्या.

आता एका संगणकावर दोघं-दोघं बसा. भाषा मराठी करून ठेवलीय. आधी आपल्या गावाचं नाव टाइप करा. तासगाव, कवठेमहांकाळवाल्यांना थोडा वेळ जास्त लागेल.